‘नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ मधला नाइस नेमका कुठला?

दस्तऐवज_सातारा

मी सातारला वकिलांसाठी कागदपत्रांची भाषांतरं करतो. बहुतेक खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रं. मधूनच एखादा निवाडा येतो. सध्या एक जुना इंग्रजी निवाडा टेबलावर आहे. दोन चुलतभाऊ, वाटणी झालेली, विहीर एकाच्या हिश्शात गेली आणि पाणी पिढीजात दुसऱ्याच्या शेतालाही जात होतं. वाटणीपत्रात पाळीचा उल्लेख नाही. एकाने पाट बुजवला, दुसरा कोर्टात गेला. इथवर ठीक. मग न्यायाधीश लिहितात की या प्रकरणात ‘अ नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ उपस्थित होतो.

आता याचं काय करू? ‘कायद्याचा छान प्रश्न’? भावाने पाणी तोडलंय, ऊस उभा वाळतोय, आणि साहेब म्हणतात छान! वकीलसाहेबांचे कारकून म्हणाले, ‘चांगला मुद्दा’ लिहून मोकळे व्हा, वाचतंय कोण. पण ज्याच्यासाठी हे भाषांतर चाललंय तो पक्षकार वाचतो. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ आहेत, ओळीवर बोट ठेवून वाचतात आणि अडलं की फोन करतात.

माझ्याकडच्या कोशात नाइसखाली छान, सुरेख, गोड, मनमिळाऊ अशी रांग आहे आणि अगदी शेपटाला ‘सूक्ष्म’. गोड आणि सूक्ष्म एका शब्दात कसे नांदतात? की न्यायाधीश टोमणा मारतायत? गुरुवारी काम द्यायचंय.

खारी_बिस्कीट

नाइस हे फ्रान्समधल्या शहराचं नाव ना? ते साखर पेरलेलं नाइस बिस्कीट त्याच्यावरूनच. छान हवा, छान समुद्र, म्हणून नाइस म्हणजे छान. सूक्ष्मचं माहीत नाही.

मिरजेचे_मास्तर

खारी, शहराचा उच्चार ‘नीस’. ते ग्रीकांनी वसवलं, जुनं नाव निकाया, नीकी या विजयदेवतेच्या नावाशी जोडलेलं. बुटांच्या कंपनीने घेतलेली तीच देवी. बिस्किटाच्या नावाबद्दल ज्याने त्याने खुशाल भांडावं, पण विशेषणाचा त्या शहराशी काडीचा संबंध नाही.

सातारकर, टोमणा नाही. न्यायाधीशांनी शब्द जिथे हवा तिथेच ठेवलाय. ‘कायद्याचा नाजूक प्रश्न’ लिहा आणि गुरुवार गाठा. पुढचं सावकाश वाचलंत तरी चालेल. निवृत्त माणसाला विषय मिळालाय, तो आटोपतं घेणार नाही.

हा शब्द जन्माला आला तो हिणवण्यासाठी. लॅटिनमध्ये ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. सायन्स त्यातूनच आला, कॉन्शस आणि कॉन्शन्सही. त्याच्यामागे नकाराचा ‘ने’ लावला की ‘नेस्कियुस’, न जाणणारा. हा ‘ने’ आणि आपला ‘न’ सख्खे नातेवाईक. म्हणजे शब्दशः अजाण. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘नादान’ही अगदी असाच घडलाय, ना आणि जाणणारा. सायन्स आणि नाइस एका धातूचे, हे सांगितलं की विज्ञान शाखेची मुलं हमखास मान वर करायची. आमच्या बी. ए.च्या वर्गात ती चुकून येत, पण येत.

जुन्या फ्रेंचमध्ये नेस्कियुस झिजून ‘नीस’ झाला. अर्थ खुळा, भोळसट. (इथे उच्चार शहरासारखा होतो म्हणून खारीने उड्या मारू नयेत.) १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड घेतलं. त्यानंतर काही शतकं दरबार, कचेरी, कोर्ट सगळीकडे फ्रेंच. त्या वाटेने शब्द इंग्रजीत शिरला आणि १३०० च्या आसपास लिखाणात दिसायला लागला, मूर्ख या अर्थानेच. ‘नाइस माणूस’ म्हणजे तेव्हा बावळट माणूस.

चॉसरची एक जागा माझी फार आवडती. ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या काव्यात, १३८० च्या दशकात, तो म्हणतो की हजार वर्षांत बोलण्याची रीत बदलते. एके काळी ज्या शब्दांना मोल होतं ते आज आपल्याला नाइस आणि विचित्र वाटतात, तरी त्या काळचे लोक तसंच बोलत. इथे नाइस म्हणजे खुळचट. शब्द बदलतात असं सांगणाऱ्या त्या ओळीतच हा बसलेला आहे, आणि आजच्या इंग्रज मुलालाही तिथे टीप दिल्याशिवाय अर्थ लागत नाही.

आता मूर्खाचा सूक्ष्म कसा झाला ते. खुळा माणूस पैसा उधळतो, नटतो, म्हणून नाइस म्हणजे चैनी, छचोर. नटणारा माणूस हे नको ते नको करतो, म्हणून नाइस म्हणजे नखरेल, आढेवेढे घेणारा. नखरेल माणसाला ताटात कोथिंबिरीची काडी जरी जास्त पडली तरी कळतं. म्हणजे चोखंदळ! आणि चोखंदळाची नजर दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमधला फरक टिपते. सोळाव्या शतकात शब्द इथवर येऊन पोचला आणि माणसावरून निघून त्या फरकालाच चिकटला. नाइस फरक म्हणजे बारीक नजरेलाच दिसेल असा फरक. तुमच्या न्यायाधीशांचा नाइस हाच.

वर मी साखळी सरळ ओढून दाखवली. प्रत्यक्षात हे सगळे अर्थ दोन-तीनशे वर्षं एकाच वेळी वापरात होते, आणि शेजारी आणखीही काही. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये न पोचलेल्या पत्राबद्दल पाद्री म्हणतो, ते पत्र नाइस नव्हतं. त्याला म्हणायचंय, क्षुल्लक नव्हतं. बारीक, म्हणून किरकोळ. आपणही ‘बारीकसारीक गोष्ट’ म्हणतोच की.

छान हा अर्थ या सगळ्यांत धाकटा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चोखंदळ माणसाने निवडलेलं ते चांगलंच असणार, असा काहीसा हिशेब. आणि मग तो असा फोफावला की बाकीचे अर्थ झाकून टाकले. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्दँगर ॲबी’त यावर अख्खा एक संवाद आहे. पुस्तक छापलं गेलं १८१७ च्या डिसेंबरात, तिच्या मृत्यूनंतर, पण लिहून झालं होतं कितीतरी आधी. बाथ गावाबाहेरच्या टेकडीवर मंडळी फिरायला निघालीयत. कॅथरीन हेन्रीला विचारते, तुला ती अमुक कादंबरी जगातली सगळ्यात नाइस कादंबरी वाटत नाही का? हेन्री म्हणतो, नाइस म्हणजे नेटकी ना? मग ते बांधणीवर अवलंबून. पुढे तो तिला चिडवतच राहतो, की आजचा दिवस नाइस, हा फेरफटका नाइस, तुम्ही दोघी मुली नाइस, वा, काय शब्द आहे, कशालाही चालतो! पूर्वी कपड्यांतली, आवडीनिवडीतली टापटीप दाखवायला होता, आता कुठल्याही गोष्टीची कुठलीही स्तुती या एकाच शब्दात.

हेन्रीचं भाषाज्ञान बरोबर आहे, पण तो मला कधीच आवडला नाही. बिचारीला पुस्तक आवडलं होतं. त्याची बहीणच त्याला झापते, ते ठीक करते.

गंमत अशी की हेन्री ज्या ‘मूळ’ अर्थासाठी भांडतोय तोही मधल्याच टप्प्यावरचा आहे. मूळच धरायचं तर त्याने त्या मुलींना नाइस म्हणणं म्हणजे बावळट म्हणणं. शब्दाच्या शुद्धतेसाठी भांडणारे बहुधा आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंतच मागे जातात.

जालनाकर

मास्तर, यात आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या एका माणसाची भर घालतो. जालना जिल्ह्यातलं असई सगळ्यांना माहीत असेल. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉटर्लूची लढाई झाली १८ जून १८१५ ला. दुसऱ्या दिवशी ब्रसेल्समध्ये थॉमस क्रीव्ही नावाचा गृहस्थ त्याला भेटला आणि बोलणं लिहून ठेवलं. त्यात वेलिंग्टन वॉटर्लूला ‘डॅम्ड नाइस थिंग’ म्हणतो. तीस हजार माणसं गेली असं सांगून लगेच हे वाक्य. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, काय निर्दय माणूस आहे.

पण पुढेच म्हणतो, इतकं थोडक्यात निभावलेलं तुम्ही आयुष्यात पाहिलं नसेल. म्हणजे नाइस इथे काठावरचं. अलीकडे की पलीकडे, केसाएवढा फरक. सातारकरांच्या कोर्टातला नाइसही काठावरचाच म्हणायचा का?

मिरजेचे_मास्तर

जालनाकर, हे फार चांगलं आठवलंत. होय, तोच. ज्यात पारडं कुठे झुकेल ते सांगता येत नाही तो नाइस. १८१५ म्हणजे ऑस्टिन हयात असतानाच. एकीकडे मुली कादंबरीला नाइस म्हणतायत आणि दुसरीकडे सेनापती कत्तलीला, आणि दोघांचंही इंग्रजी शुद्ध.

वकीलबाई_कोल्हापूर

मास्तर, माहिती उत्तम, सल्ला नापसंत. ‘नाजूक प्रश्न’ मुळीच नको. आमच्याकडे नाजूक प्रकरण म्हटलं की लोक भलतंच समजतात. पक्षकाराच्या सुनेने वाचलं तर घरात दुसरा दावा उभा राहील.

आणि सातारकर, ‘महत्त्वाचा’ तर लिहूच नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली दुसऱ्या अपिलाला ‘सब्स्टॅन्शल क्वेश्चन ऑफ लॉ’ लागतो. ही अट १९७६ च्या दुरुस्तीने आली. तिथे ‘महत्त्वाचा’ या शब्दाला वजन आहे. नाइस प्रश्न सब्स्टॅन्शल असेलच असं नाही. दोन वेगळ्या इंग्रजी शब्दांना एकच मराठी शब्द दिला की पुढचा वकील त्याचा फायदा घेणार. मी तर घेईन.

निवाडा मी पाहिलेला नाही, पण वाटणी आणि विहीर म्हटल्यावर त्यात नाइस काय असणार याचा अंदाज आहे. १८८२ चा सुविधाधिकारांचा (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट, पाणी, उजेड मिळण्याच्या हक्कांचा) कायदा, कलम १३. सामाईक मिळकतीची वाटणी झाली आणि एखादा हक्क वाटणीपत्रात लिहिला नसला, तरी तो ‘उघड आणि सतत’ असेल आणि हिस्सा पूर्वीसारखा वापरायला आवश्यक असेल, तर चालू राहतो. उघड म्हणजे डोळ्यांनी दिसणारा. पाट दिसतो, तिथे वाद नाही. वाद ‘सतत’चा. कलम ५ म्हणतं, माणसाने काही न करता उपभोगता येतो तो सतत. खिडकीतून येणारा उजेड सतत. वाटेवरून जाण्याचा हक्क सतत नाही, कारण पाय उचलावे लागतात.

आता विहिरीचं पाणी बघा. पाटात पडल्यावर ते आपोआप वाहतं, तिथे माणूस लागत नाही. पण पाटात पडतं कसं? कोणीतरी मोट हाकली किंवा इंजिन लावलं म्हणून. मग हा हक्क पाणी वाहून नेण्याचा, की पाणी उपसण्याचा? पहिला म्हटलात तर सतत, दुसरा म्हटलात तर नाही. तेच शेत, तोच पाट, तेच पाणी. या एका रेघेवर भावांपैकी एक जिंकणार आणि दुसरा हरणार. याला म्हणतात नाइस.

दस्तऐवज_सातारा

मॅडम, तुम्ही निवाडा न बघता सांगितलंत! पुढच्या परिच्छेदात हेच आहे. आधी मोट होती, मग ऑइल इंजिन आलं, आणि इंजिन कोणाचं यावर पुढे चार पानं. मी ते ‘अखंड’ आणि ‘खंडित’ असं केलं होतं, आता ‘सतत’ ठेवतो.

पाणिनीय_सदाशिव

अजाणाचा चोखंदळ झाला हे वाचून उलट वाट आठवली, ती आपल्याकडची. अशोक शिलालेखांत स्वतःला ‘देवानांप्रिय’ म्हणवतो. देवांचा लाडका. राजाला शोभेल अशी पदवी. आता पाणिनीचं सूत्र पाहा, ‘षष्ठ्या आक्रोशे’. समासात आतल्या षष्ठीचा प्रत्यय एरवी गळून पडतो, पण निंदा करायची असेल तर टिकतो. त्यावर वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुरवणी, आहे, ‘देवानांप्रिय इति च’. आणि सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदी या व्याकरणग्रंथात त्याला शेपूट लागलेलं दिसतं, ‘मूर्खे’. म्हणजे देवप्रिय म्हणालात तर स्तुती, देवानांप्रिय म्हणालात तर मूर्ख. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्षाला हा शब्द वापरतात तेव्हा ते त्याचा गौरव करत नसतात.

काही अभ्यासक यामागे बौद्धद्वेष पाहतात. असेलही. मला वाटतं नुसत्या उपरोधानेही हे होऊ शकतं. आपण साध्या माणसाला ‘भोळा सांब’ म्हणतो तेव्हा नाव देवाचंच घेतो.

मिरजेचे_मास्तर

पाणिनीय, इंग्रजीत तुमच्या देवानांप्रियाचा जुळा भाऊ आहे, ‘सिली’. जुन्या इंग्रजीत त्याचा पूर्वज सुखी, भाग्यवान, पुण्यवान अशा अर्थाचा. जर्मनमध्ये ‘झेलिश’ आजही धन्य आत्म्याला म्हणतात. इंग्रजीत तो धन्यवरून निष्पाप, निष्पापवरून बिचारा, बिचाऱ्यावरून दुबळा आणि शेवटी मूर्ख झाला. नाइस आणि सिली एकाच जिन्यावर, एक चढत होता, एक उतरत होता.

लेस्टरची_सून

मी इथे लेस्टरला वृद्धाश्रमात काम करते. सर, एक राहिलंच. इथली माणसं ‘नाइस अँड वॉर्म’, ‘नाइस अँड स्लो’ असं सतत म्हणतात. एका आजींना रोज चहा लागतो तो ‘नाइस अँड हॉट’. तिथे नाइस वेगळं काही सांगतच नाही, नुसता गरमपणाला जोर देतो. मला वर्षभर कळत नव्हतं की ‘अँड’ कशाला. मग एकदा घरी नवऱ्याला म्हणाले, ‘मस्तपैकी गरम चहा कर’, आणि लक्षात आलं, हे आपलं मस्तपैकीच आहे!

आणि आजींना फ्रीजमधल्या गार दुधाचा चहा दिला तर त्या फक्त ‘नॉट नाइस’ म्हणतात. ते ऐकून स्वयंपाकघरातले दोघं धावतात.

मिरजेचे_मास्तर

मस्तपैकी! ताई, तुम्ही माझं काम केलंत. कारण मस्तची हकीकत नाइससारखीच आहे. फारसीत मस्त म्हणजे प्यायलेला, झिंगलेला. मदात आलेला हत्ती मस्त, आणि इंग्रजीनेही हत्तीसाठी तो शब्द आपल्याकडूनच उचललाय. मराठीत जुना अर्थ मस्ती, मस्तवाल, मदमस्त यांत शाबूत आहे. पण नुसता ‘मस्त’ इतका सोवळा झालाय की आजी नातवाच्या चित्राला मस्त म्हणतात. झिंगलेल्याचा छान झाला आणि कोणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. उद्या एखाद्या इंग्रजाने विचारलं की ‘मस्त पोहे’ आणि ‘मस्तवाल रेडा’ यांतला मस्त एकच कसा, तर त्याला सातारकरांकडे पाठवा.

एच. डब्ल्यू. फाउलरने १९२६ च्या आपल्या कोशात नाइस बिघडल्याचं खापर बायकांवर फोडलंय. त्यांचा लाडका झाल्यामुळे म्हणे शब्दातलं सत्त्व गेलं. माझ्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत निबंधात सगळ्यात जास्त वेळा नाइस लिहिणारे मुलगेच होते. मुलींना निदान लव्हली तरी सुचायचं.

खारी_बिस्कीट

म्हणजे पुढच्या वेळी बॉस मेलवर ‘नाइस’ लिहील तेव्हा तो मला मूर्ख म्हणत असू शकतो?

वकीलबाई_कोल्हापूर

संदर्भ पाहून निर्णय घ्यावा लागेल.

दस्तऐवज_सातारा

सगळ्यांचे आभार. असं केलंय: ‘या प्रकरणी कायद्याचा एक बारीक, परंतु निकाल फिरवू शकेल असा प्रश्न उपस्थित होतो.’ मॅडम, ‘निकाल फिरवू शकेल’ माझ्या पदरचं आहे, ते जास्त होतंय का?

आणि एक शेवटचं. दहाव्या पानावर म्हटलंय की गावकऱ्यांनी आपसांत लिहिलेला कागद वाचताना कोर्टाने ‘ओव्हर-नाइस’ असू नये. इथे बारीक कसं बसवू?

वकीलबाई_कोल्हापूर

होतंय. ‘निकाल फिरवू शकेल’ काढा. ते पुढच्या चार पानांत न्यायाधीशांनीच म्हटलेलं असणार, त्यांच्या तोंडी आधीच घालू नका. ‘कायद्याचा सूक्ष्म प्रश्न’ पुरे.

मिरजेचे_मास्तर

सूक्ष्म मान्य. नाजूक मागे घेतो, सुनेच्या धाकाने.

दहाव्या पानावर बारीक बसवायची गरजच नाही. तिथे जुना नखरेल, काटेकोरपणाचा अतिरेक करणारा नाइस आहे. गावात चार माणसांनी ओट्यावर बसून केलेला कागद, त्यात ‘पाणी’ म्हटलं की पाळी, पाट, वाट सगळं आलं. लिहा: ‘असा कागद वाचताना न्यायालयाने शब्दांचा कीस पाडू नये.’

वकीलबाई_कोल्हापूर

हे जसंच्या तसं द्या. आणि शक्य असेल तर निवाड्याचा क्रमांक मला कळवा, माझ्याकडे एका विहिरीचा दावा पुढच्या महिन्यात उभा आहे.